मला कोण गंडवणार?

बँकॉकला लोक देवळं बघायला जातात, खरेदीला जातात, आणखीही कशाकशाला जातात. आमच्या शेजारचे बापूकाका न फसायला गेले.

जन्मभर ऑडिट केलेला माणूस. समोरच्याने ‘नमस्कार’ म्हटलं तरी त्याचं व्हाउचर मागेल. निघण्याआधी महिनाभर त्यांनी तिथल्या लबाड्यांचा कसून अभ्यास केला. कुठल्या देवळात काय बघायचं हे त्यांना विचारू नका. पण २० बाथमध्ये गावभर फिरवतो म्हणणारा टुकटुकवाला शेवटी रत्नांच्या दुकानातच का नेतो, दुकानदार त्याला पेट्रोलचं कूपन कसं देतो आणि ‘सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस’ म्हणून गळ्यात मारलेला नीलम बघून झवेरी बाजारातला सराफ कसा हसतो, हे ते जेवताना साभिनय सांगत. सनम लुआंगच्या मैदानावर कबुतरांच्या दाण्यांची पुडी हातात कोंबतात आणि मग पैसे मागतात, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या मैदानावरून ते दोन्ही हात काखेत घालून चालले. काकूंनाही तसंच चालायला लावलं. भर उन्हात!

अशा माणसाची पंचाईत एकच. त्याला ठक बरोबर ओळखता येतो, सरळ माणूस ओळखता येत नाही. सुवर्णभूमी विमानतळावरच्या रांगेतून टॅक्सी घेतली की मीटरवर ५० बाथ जास्तीचे द्यावे लागतात, टोल वेगळा. हा रीतसर नियम आहे. काकांनी मात्र हॉटेलच्या दारात त्या ५० बाथवरून असा काही वाद घातला, की बिचाऱ्या चालकाने पैसे सोडले आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे हात जोडून निरोप घेतला. “बघितलंस? चोराच्या मनात चांदणं. माफी मागून गेला,” काका म्हणाले. (हे सगळं मला काकूंनी सांगितलं. काकांची आवृत्ती वेगळी आहे.)

ग्रँड पॅलेसला ते दुपारी दोनला पोहोचले. त्या तटाबाहेर नीटनेटके कपडे घातलेला एखादा गोडबोल्या गाठतो आणि ‘आज राजवाडा बंद आहे, आत पूजा चाललीय, तोवर दुसरं देऊळ दाखवतो’ म्हणून टुकटुकमध्ये बसवतो. काकांचा हा पाठ झालेला धडा.

“अहो, आत जाऊ या ना,” काकू म्हणाल्या.

“थांब. तो येईल.”

बराच वेळ कोणी आलंच नाही. काकांचा चेहरा पडला. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक इसम आला. “टुडे क्लोज्ड, सर.” मुलीला बघायला आलेले पाहुणे एकदाचे दारात दिसावेत, तसे काका खुलले. कसली पूजा? तिथी कोणती? किती भटजी? ओळखपत्रावर सही कोणाची? तासभर उलटतपासणी चालली. शेवटी तो इसमच काकुळतीला आला : “ओपन, सर. ओपन! प्लीज गो!”

विजयी मुद्रेने काका दरवाजाशी गेले, तर पहारेकऱ्याने त्यांच्या हाफपँटकडे बोट दाखवलं. आवारातच पाचूच्या बुद्धाचं देऊळ असल्याने उघड्या गुडघ्यांनी आत सोडत नाहीत. (ती मूर्ती पाचूची नाही, दुसऱ्याच हिरव्या दगडाची आहे. हे काकांना कळलं नाही तेच बरं, नाहीतर पोलीस बोलावले असते.) समोरच्या दुकानात हत्तीछाप पायजमे टांगलेले बघितल्यावर तर काकांची खात्रीच पटली. “हा आणि पायजमेवाला मिळालेले आहेत!” तरीही पायजमा घेतला, पण घासाघीस करून. दोनदा दुकान सोडून निघाले, दोनदा परत आले. आत जायला परदेश्यांना ५०० बाथ आणि थाई माणसाला फुकट, यावर काकूंना एक व्याख्यान झालं.

हत्ती सावरत काका पुन्हा दरवाजाशी आले. तिकीटविक्री साडेतीनला थांबते. साडेतीन वाजून गेले होते.

“क्लोज्ड, सर. टुमारो,” पहारेकरी म्हणाला.

काका मोठ्याने हसले. काकूंना कोपराने ढोसून म्हणाले, “या पठ्ठ्याने तर गणवेशसुद्धा हुबेहूब शिवून घेतलाय!”