अण्णा वीज वाचवायला निघतात

अण्णांनी यंदा वीज वाचवायची ठरवली, म्हणून ते एसी घ्यायला निघाले. छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या सिडकोत हे कोणालाही खटकलं नाही. अण्णा म्हणजे महावितरणचं बिल चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वर १६ टक्के वीज शुल्क, सगळं तोंडपाठ. असा माणूस फाइव्ह-स्टार म्हणतो, तेव्हा आपण ऐकून घ्यायचं असतं.

जालना रोडवरच्या दुकानातला पोरगाही फाइव्ह-स्टारच म्हणत होता. "काका, एकदाच पैसे जातील. मग बघायचंच नाही."

"हे स्टार देतं कोण?" अण्णांनी विचारलं. पोरग्याने कंपनीचं नाव सांगितलं. खरं तर देतो केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्यूरो, आणि देतो तसे काढूनही घेतो. एसीने हंगामभर जितकी उष्णता खोलीबाहेर टाकली तिला त्याने खाल्लेल्या विजेने भागायचं. येईल त्या आकड्याला आयसीअर म्हणतात. हा आकडा साडेचार आला की पूर्वी पाचवा तारा मिळायचा. १ जुलै २०२२ पासून त्यासाठी पूर्ण पाच लागू लागले. आदल्या रात्री पंचतारांकित म्हणून झोपलेले कितीतरी एसी सकाळी चार तारे घेऊन उठले. यंत्र तेच, खोली तीच, बिलही तेच. ताऱ्यांचा तक्ता दर काही वर्षांनी असाच कडक होतो. व्हायलाच हवा, नाहीतर कंपन्या सुधारणार कधी? पण दुकानात गिऱ्हाइकाला हे कोणी सांगत नाही. तारा म्हटलं की तो ध्रुवासारखा अढळ असणार, अशी त्या बिचाऱ्याची समजूत.

अण्णांनी खिशातून मागचं बिल काढलं आणि त्याच्या पाठीवर हिशेब मांडला. लेबलवरची युनिटं वर्षाला १,६०० तास धरून काढलेली असतात. "आपण लावणार किती? मार्च संपता संपता सुरू, जूनच्या पहिल्या पावसात बंद. तेही रात्रीचंच. ओढूनताणून सातशे तास." दीड टनाच्या थ्री-स्टार आणि फाइव्ह-स्टारमध्ये लेबलावर फरक दोनशे युनिटांचा दिसत होता. अण्णांच्या घरी तो नव्वदच्या आत आला. युनिटला बारा रुपये धरले तरी वर्षाला वाचले हजार. किमतीतला फरक नऊ हजारांचा. "म्हणजे नऊ वर्षांनी माझा फायदा सुरू होणार. तोवर तुमचा तक्ता आणखी दोनदा बदलणार, आणि मी पंच्याहत्तरचा होणार." पोरग्याने स्टॅबिलायझर फुकट देऊ केला.

माझं मत विचाराल तर, दिवसरात्र एसी चालवणाऱ्यांनी डोळे मिटून पाच तारे घ्यावेत. ३०० युनिटांच्या पुढचं प्रत्येक युनिट महागड्या टप्प्यात पडतं, तिथे तारे खरोखर पैसे परत करतात. दोन-अडीच महिने रात्रीपुरता लावणाऱ्यांनी थ्री-स्टार इन्व्हर्टर घ्यावा आणि उरलेले पैसे गच्चीवर घालावेत. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खोलीत सोडतो. एसी बिचारा हवा गार करत बसतो आणि छत त्याच्यावर निखारे ओतत राहतं. उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा रंग मारला, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक लावली, तर दीड टनाचं काम एका टनात भागू शकतं. हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "गच्ची सोसायटीची आहे. त्यासाठी मीटिंग बोलवावी लागेल." त्यापेक्षा एसी स्वस्त, हे मलाही पटलं.

शिवाय घासाघीस कशी करायची हे आपल्या शहराला शिकवायला नको. २०१० साली इथल्या मंडळींनी गट करून एकदम १५० मर्सिडीज घेतल्या आणि सवलत पदरात पाडली. सोसायटीत गट करून रंगाचे डबे घेतल्याचं मात्र अजून ऐकलेलं नाही.

आणि तापमान? नवा एसी सुरू केला की तो आपण होऊन २४ वर येतो. २०२० पासून तसा नियमच आहे. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ब्यूरो सांगतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी नव्या एसींना २० च्या खाली जाताच येणार नाही असा नियम आणायचं बोलून दाखवलं, तेव्हा अण्णा दोन दिवस अस्वस्थ होते. "मग अठराचं बटण दिलंय कशाला?"

इतका वेळ गप्प असलेल्या काकूंनी शेवटी विचारलं, "अहो, कूलर काय वाईट होता?"

प्रश्न शास्त्रशुद्ध होता. आपला उन्हाळा कोरडा आणि कोरड्या हवेत कूलरइतकं काटकसरी यंत्र नाही. पंखा, छोटा पंप, वाळ्याच्या ताट्या. वीज एसीच्या पासंगालाही नाही. मुंबईच्या दमट हवेत जो निकामी ठरतो, तो इथे राजा. पण राजा पाणी पितो, रोज बादल्यांनी. आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा आलं तरी आम्ही एकमेकांना फोन करून कळवतो. नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं; तेव्हा खर्च १,६८० कोटी होता, तो पुढे २,७४० कोटींवर गेला. कूलरची टाकी त्या वेगाने कधी भरली नाही. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने नहरी बांधून याच गावात उतारावरून पाणी खेळवलं. त्या योजनेचं आयसीअर काढायला बसलो तर भाजक शून्य येतो. आज जायकवाडीचं पाणी पंपांनी चढवत आणावं लागतं. म्हणजे वीज पाण्यासाठी जाते, पाणी येत नाही म्हणून कूलर माळ्यावर जातो आणि त्याच्या जागी एसी येऊन आणखी वीज खातो. या साखळीला ब्यूरोने किती तारे द्यावेत?

अण्णांनी काकूंना उत्तर दिलं नाही. ते पोरग्याकडे वळले. "एसीतून पाणी निघतं म्हणे, खरं का?"

"निघतं ना काका. पाइप बाल्कनीत सोडून देतो आम्ही."

"सोडून देतो काय? बादली लावायची. दिवसाला किती निघतं?"

पोरगा चाचरला. मे महिन्याच्या कोरड्या हवेत एसीतून पाणी जेमतेम ठिबकतं. धो धो वाहतं ते जुलैत, बाहेर पाऊस पडत असताना. पण हे लेबलवर कुठेच लिहिलेलं नसल्यामुळे तो मॅनेजरला विचारायला आत गेला आणि अण्णांनी बिलाच्या पाठीवर नवा रकाना आखला.