मेक्सिकोतलं सोवळं

खाण्यापिण्याच्या सोवळ्यात आमच्या घराचा हात धरणारा अजून जन्माला यायचाय, असं आमची आजी म्हणायची. तो जन्माला आला होता. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी दूध, दही, लोणी सगळं वर्ज्य करून ‘व्हीगन सोसायटी’ काढली होती. फक्त ती बातमी आमच्या वाड्यापर्यंत पोचली नव्हती. आजी मुकटा नेसून नैवेद्याचा स्वयंपाक करायची. मुकटा रेशमाचा असतो आणि रेशीम काढायला किडे उकळतात, हे तिला सांगायची कोणाची छाती नव्हती. सांगणाऱ्यालाच तिने आधी आंघोळीला पाठवलं असतं.

या नव्या सोवळ्याशी माझी गाठ पडली ती मेक्सिको सिटीत. भाची तिथे नोकरीला असते. आम्ही दोघं येतोय म्हटल्यावर तिला आमच्या पोटाची काळजी लागली.

“मामा, इथे ‘मांस नको’ म्हटलं की चिकन आणतात. चिकन नको म्हटलं की हॅम आणतात. घेवड्याचं वाटण दिसतं साधं, पण बरेचदा त्यात डुकराची चरबी असते, आणि भातसुद्धा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. म्हणून मी तुमच्यासाठी एक बाजार-सहल बुक केलीये. शंभर टक्के व्हीगन. आधी बाजार हिंडायचा, मग स्वयंपाक शिकायचा आणि केलेला खायचा.”

“म्हणजे भाजी आपण आणायची, स्वयंपाक आपण करायचा आणि वर पैसेही आपणच द्यायचे?” बायकोने विचारलं. “पुण्यात हे मी रोज करते. मिळत काही नाही, पण निदान द्यावं तरी लागत नाही.”

पैसे भरून झाले होते, त्यामुळे आम्ही गेलो.

ला मेर्सेद हा तिथला अवाढव्य बाजार. त्याची मुख्य इमारत १९५७ सालची, आणि मेट्रोच्या मेर्सेद स्टेशनाचा जिना चढलात की थेट बाजारातच डोकं वर निघतं. १९६९ साली मेट्रो सुरू झाली तेव्हा, अक्षरओळख नसलेल्यांचीही सोय व्हावी म्हणून प्रत्येक स्टेशनाला एकेक चित्र दिलं गेलं. मेर्सेदला सफरचंदांची पेटी मिळाली. मला स्पॅनिशचं अक्षर कळत नसल्यामुळे ही योजना माझ्यासाठीच आखली असावी.

जिन्याच्या तोंडाशी आमचा वाटाड्या उभा होता: केसांचा अंबाडा बांधलेला, हसतमुख पोरगा. सोबत एक अमेरिकन जोडपं आणि एक जर्मन विद्यार्थी. ओळखी सुरू झाल्या. प्रत्येकाने आपण कधीपासून व्हीगन आहोत ते सांगायचं होतं. माळ घातल्याचं साल सांगावं तशी सगळ्यांनी आपापली सालं सांगितली. माझी पाळी आली तेव्हा मी शांतपणे म्हणालो, “जन्मापासून. वडील, आजोबा, पणजोबा, सगळेच.”

टाळ्या पडल्या. अमेरिकन बाईंनी तर छातीवर हात ठेवला. मग त्यांनी सहज विचारलं, “दूध?”

“सकाळ-संध्याकाळ,” मी म्हणालो. “शिवाय दही, ताक, लोणी, तूप. दुधाशिवाय माणूस शाकाहारी राहील कसा?”

बाईंनी छातीवरचा हात काढला. अंडं खाऊन स्वतःला शाकाहारी म्हणवणाऱ्या शेजाऱ्याकडे मी ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यानंतर बाजारभर त्या माझ्यापासून दोन हात अंतर राखून चालल्या. इतकं काटेकोर सोवळं मी आजीनंतर पहिल्यांदाच बघत होतो.

आत शिरल्याबरोबर निवडुंगांचा विभाग लागला. आपल्याकडे शेताच्या बांधावर असतो तो फड्या निवडुंग. इथे त्याच्या हिरव्या फडांच्या, माणसाच्या खांद्याला लागतील अशा उतरंडी रचलेल्या. एका पाटावर बसलेली बाई डाव्या हातात फड धरून उजव्या हातातल्या सुरीने काटे उडवत होती. कडा एका फेरीत, पाठ दोन फटक्यांत, पोट दोन फटक्यांत. फड टोपलीत आणि काटे मांडीवरच्या फडक्यात. या सगळ्यात ती शेजारणीशी भांडतही होती. नोपाल म्हणतात त्याला. चिरून शिजवला की भेंडीइतकीच तार सुटते. मेक्सिकोच्या झेंड्यावरचा गरुड बसलाय तोही याच झाडावर.

वाटाड्या म्हणाला, या निवडुंगावर एक बारीक कीड पोसतात आणि ती वाळवून लाल रंग काढतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीनेही याच रंगाच्या आशेने भारतात निवडुंग वाढवले होते. कंपनीचं रंगाचं गणित फिसकटलं, निवडुंग मात्र इकडे राहिला. “अजूनही लिपस्टिकमध्ये हा रंग घालतात,” त्याने पुस्ती जोडली. अमेरिकन बाईंनी तत्काळ पर्समधून लिपस्टिक काढून तिच्या बुडावरचा मजकूर वाचला आणि विजयी मुद्रेने माझ्या बायकोला दाखवला. बायकोने कुंकवाच्या टिकलीला हात लावून पाहिलं आणि गप्प राहिली. टिकलीच्या पाकिटावर काहीच लिहिलेलं नसतं.

पुढच्या गाळ्यावर मक्याची कणसं होती, काळीराखाडी, फुगलेली, बुरशी आलेली. आपल्याकडे पिकावर काणी पडली की शेतकरी कपाळाला हात लावतो. इथे मक्यावरच्या काणीला ‘विट्लाकोचे’ म्हणतात, आणि चांगल्या कणसापेक्षा ती महाग विकतात. जर्मन मुलाने तिचा फोटो काढला. मी भाव विचारला आणि मुकाट्याने पुढे झालो.

मग वाळक्या मिरच्यांची गल्ली आली. तिथे वाटाड्याची रसवंती खुलली. हालापेन्यो धुरावर वाळवली की ती चिपोत्ले होते. पोब्लानो वाळली की आंचो. चिलाका वाळली की पासिया. लग्नानंतर मुलीचं नाव, आडनाव सगळं बदलून टाकायची चाल आपल्याकडे होती, ती मेक्सिकोने मिरचीवर चालवली आहे. फरक एवढाच की इथे नाव बदललं की भाव वाढतो.

“स्पॅनिश लोक १५१९ साली येईपर्यंत,” वाटाड्या आता व्याख्यानात शिरला होता, “या देशात गाय नव्हती, डुक्कर नव्हतं, शेळी नव्हती. दूध नाही, लोणी नाही, चरबी नाही. मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो आणि घेवडा जमिनीला नत्र देतो. भोपळ्याची पानं माती झाकतात. आमचे पूर्वज व्हीगन होते!”

नेमका तेव्हाच आम्ही वळण घेतलं, आणि समोर भाजलेल्या नाकतोड्यांचे ढीग आले. लिंबू, लसूण, तिखट लावलेले. विकणारी आजी हसून मापटं पुढे करत होती. हा पदार्थसुद्धा पूर्वजांचाच. वाटाड्याने पूर्वजांचा विषय तिथेच सोडला आणि चालण्याचा वेग वाढवला.

आणि मग पालेभाज्या आल्या. जमिनीवर गोणपाट पसरून एक म्हातारी बसली होती. तिच्यापुढे जुड्या. वाटाड्या म्हणाला, “हे केलिते. शेतात आपोआप उगवणाऱ्या रानभाज्या. फार दुर्मीळ, फार पौष्टिक. तुम्ही यातलं काहीच पाहिलं नसेल.”

बायको केव्हाच उकिडवी बसली होती. “ही घोळ,” ती म्हणाली. “हा चाकवत, किंवा त्याचा सख्खा भाऊ. हा राजगिऱ्याचा पाला.” घोळीची एक काडी तिने नखाने मोडली, वास घेतला, जून निघाली म्हणून परत ठेवली आणि खालची जुडी ओढली. म्हातारीने तिचा हात धरला आणि आणखी खालची जुडी काढून दिली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मराठीतला भाव स्पॅनिशमध्ये उतरला, आणि शेवटी म्हातारीने वर मूठभर कोथिंबीर फुकट टाकली. ही वर टाकायची चालही तिथे रीतसर आहे. त्यासाठी वाटाड्याची मदत लागली नाही.

म्हातारीने वाटाड्याला काही विचारलं. तो जरा लाजल्यासारखा झाला.

“काय म्हणतेय?” मी विचारलं.

“ही कसली सहल, विचारतेय. मी म्हटलं, मांस, दूध, अंडी काही न घालता कसं जेवायचं ते यांना शिकवतोय.”

“मग?”

“म्हणाली, सोमवार ते शनिवार आम्ही तसंच जेवतो. शिकायला एवढ्या लांबून कशाला आले?”

यावर अमेरिकन बाईसुद्धा काही बोलल्या नाहीत. सोवळं मोडायची ऐपत असेल तरच ते पाळण्याला किंमत येते. त्या म्हातारीला कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिला तिचं साल कोणी विचारलं नव्हतं. शेतात उगवलं ते ती खात होती, आणि उरलेलं आम्हाला विकत होती. तिच्यापुढे माझे पणजोबा आणि बाईंची लिपस्टिक यांची प्रतिष्ठा सारखीच होती.

बाहेर पडताना ‘अलेग्रिया’ची पाटी दिसली. राजगिऱ्याच्या लाह्या पाकात थापून पाडलेल्या वड्या. माझा जीव भांड्यात पडला. “मध आहे का यात?” बाईंनी विचारलं. मध होता. त्यांनी वडी खाली ठेवली. बायकोने चार घेतल्या, कारण परवा एकादशी होती. राजगिरा मूळचा इथलाच आणि आपल्या उपासाला चालतो. खरं तर उपासाच्या ताटातले बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, सगळे अमेरिका खंडातून आलेले. आजी ज्या दिवशी सगळ्यांत कडक सोवळ्यात असायची, त्याच दिवशी तिचं ताट सगळ्यांत परदेशी असायचं. मुकट्याच्या किड्यांप्रमाणे हेही तिला सांगायची कोणाची छाती झाली नसती.

स्वयंपाकाचा वर्ग जवळच्याच एका घरात होता. शिकवायला एक ठेंगणी, करारी बाई होत्या, ज्यांना आम्ही पहिल्या मिनिटापासून मावशी म्हणू लागलो. मका आदल्या दिवशी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरवलेला होता. तो चोळून धुवायचा, सालं काढायची आणि मग पाट्यावर वाटायचा. या चुन्याने मक्यातलं नायसिन शरीराला मिळतं. युरोपने मका नेला, पण चुन्याची रीत इथेच ठेवली, आणि मक्यावरच जगणारे तिथले गरीब पेलाग्राने आजारी पडले. बायकोने चुना बोटावर घेऊन पाहिला. “पानाला लावतो तोच,” ती म्हणाली. “आपण विड्यात घालवला, यांनी जेवणात वापरला.”

पदार्थ होता त्लाकोयो: निळ्या मक्याच्या पिठात घेवड्याचं वाटण भरायचं, दोन्ही टोकं निमुळती करून थापायचं, तेलाचा थेंब न घालता तव्यावर भाजायचं आणि वर नोपालची भाजी. जर्मन मुलाने पोळ्या दाबायचं यंत्र मागितलं. मावशींनी मान हलवली. बायकोने एक गोळा घेतला, दोन तळव्यांत थापटला आणि तव्यावर टाकला. मावशी थबकल्या, तो उलटेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि मग बायकोपुढे पिठाची सबंध परात सरकवली. थोडक्यात, पैसे भरून आलेल्या पाच विद्यार्थ्यांचं जेवण माझ्या बायकोने केलं. मला खलबत्त्यावर बसवलं होतं. तव्यावर भाजलेले टोमॅटो आणि मिरच्या ठेचायच्या होत्या. मी हळूच विचारलं, “वर थोडं तूप?” मावशींना इंग्रजी येत नव्हतं, पण अमेरिकन बाईंनी भाषांतर केलं, आणि ते बहुधा थोडं वाढवून केलं.

जेवण झकास झालं. तुपाची आठवण दोन घासांनंतर आली नाही. तिसऱ्या घासाला आली.

परतीच्या विमानात बायको कागदावर आकडे मांडत होती. घोळ, चाकवत, अंबाडी, राजगिरा आपल्या महात्मा फुले मंडईत मिळतो. तिथून मंडळींना घरी आणायचं, भाकरी थापायला लावायची, पिठलं करायला लावायचं, भांडीही त्यांनीच घासायची, आणि डॉलरात पैसे घ्यायचे. नाव ठरलं होतं, दरही ठरला होता. जाहिरातीत ‘शंभर टक्के व्हीगन’ लिहायचं म्हणाली.

“आणि वरणभातावर तूप?” मी विचारलं.

“तूप वाढायचं. नको म्हणेल त्याला वरणसुद्धा नाही,” ती म्हणाली, आणि ‘शंभर’ खोडून तिने ‘नव्याण्णव’ केलं.