बसतंय की!

आमची मारुती ८०० सकाळी गार असली की टकटक करायची आणि तापली की गप्प व्हायची. आपोआप थांबणाऱ्या दुखण्याकडे आपण जसं दुर्लक्ष करतो, तसं मी महिनाभर केलं. मग गाडीत धुराचा वास यायला लागला, तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, कान दिला आणि डॉक्टरने जीभ बघून सांगावं तसं सांगितलं, "मॅनिफोल्ड चिरलाय. तापला की बीड फुगतंय, चीर मिटतीय. म्हणून गप."

सिलिंडरांतला जळका धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा हा बिडाचा तुकडा. मी म्हटलं, "नवीन मागवू या."

मिस्त्रींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी जणू पोह्यासाठी काजू मागितले. "नवा कशाला, मालक? दुसरा एखादा बसवू."

"बसेल?"

"बसतंय की!"

या दोन शब्दांवर त्यांचं सगळं तत्त्वज्ञान उभं आहे. असली माणसं पुण्याच्या जुन्या बाजारात भेटतात, कुर्ल्याच्या भंगारगल्ल्यांत भेटतात. पण उद्यमनगराच्या आसपास बीड ओतायच्या भट्ट्या आणि हाकेच्या अंतरावर लेथ, त्यामुळे इथं त्यांचं पीक जोरात येतं. कंपनीनं बनवलेला भाग म्हणजे त्यांच्या लेखी कच्चा माल. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूवर बसते, मध्ये फक्त कानशीचा प्रश्न असतो. मिस्त्रींच्या डब्याचं झाकण मुळात लोणच्याच्या बरणीचं होतं. तेही बसत होतं.

दुसऱ्या दिवशी ते झेनचा मॅनिफोल्ड घेऊन हजर.

"मिस्त्री, याला चार भोकं आहेत."

"व्हय."

"आपल्या गाडीला तीनच सिलिंडर."

क्षणभर शांतता. मग, "एक बुजवू की."

उरलेल्या तिघांतलं अंतरही जुळत नाही, हे त्यांना पटवायला मला दोन चहा लागले. झेन परत गेली आणि ओम्नीचा आला. आता मात्र मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मुलीकडच्या पाहुण्यांचं तेज होतं. "इंजिन एकच! दोन्हीकडं ७९६ सीसी, दोन्हीकडं तीन सिलिंडर. सख्खी भावंडं."

आणि त्यांनी जे काम केलं ते बघण्यासारखं होतं. हेडच्या तोंडाला ग्रीस चोपडलं, त्यावर पुठ्ठा दाबला, उचलला. तीन काळी वर्तुळं आणि भोवती स्टडांची टिंबं उमटली. तोच पुठ्ठा मॅनिफोल्डला लावून बघितला. मग पॅकिंगचा पत्रा हेडवर ठेवून छोट्या हातोडीनं कडेकडेनं टुक-टुक-टुक ठोकत गेले. कात्री नाही, पट्टी नाही, पण हेडच्या धारेवर पत्रा आपला कापला जात होता. मध्येच ज्ञानही दिलं, "मॅनिफोल्डचं तोंड हेडपेक्षा जरा मोठं असलं तर चालतंय. बोळातनं रस्त्यावर आल्यागत धूर सुटतोय. पण रस्त्यावरनं बोळात घातला की कडेला आपटतोय, इंजिन गुदमरतंय." हे शंभर टक्के खरं आहे. या माणसांची हीच पंचाईत: त्यांना सगळं कळतं, फक्त 'नाही' हा शब्द तेवढा येत नाही.

मॅनिफोल्ड हेडवर बसला. पण ८००मध्ये इंजिन आडवं आणि पुढच्या चाकांना जुंपलेलं. ओम्नीत ते सीटखाली लांबीत झोपलेलं आणि ओढ मागच्या चाकांना. त्यामुळे नव्या पाहुण्याचं तोंड भलतीकडेच. सायलेन्सरची नळी एकीकडे, धूर दुसरीकडे.

"भावंडं आहेत, पण बोलत नाहीत," मी म्हटलं.

"बोलतं करू की." नळी कापली, वाकवली, वेल्डिंग केलं. गाडी सुरू झाली. टाळ्या वाजवायच्या बेतात असताना रबर जळल्याचा वास आला. वळवलेली नळी एका होजपाइपला गाल लावून बसली होती. मिस्त्रींनी होजपाइप बाजूला बांधला, तर तो बॉनेटला लागला. मग त्यांनी बॉनेटकडे पाहिलं. त्या नजरेत ग्राइंडर होता. मी गाडीची किल्ली काढून घेतली.

गुपचूप ८००चा नवाकोरा मॅनिफोल्ड आणला आणि अपराध्यासारखा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलून हेडला लावला. स्टड एका दमात आरपार गेले. काही घासावं लागलं नाही, काही वाढवावं लागलं नाही. मिस्त्री थबकले. काढून मागून बघितला, परत लावला. पुन्हा तसाच गेला.

"बसला?" मी विचारलं.

"बसलाय," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा शेवटी 'की' नव्हता. चेहरा असा, की घरी पाहुणे आले आणि चहा न घेताच निघाले.

मला राहवेना. मी चहा सांगायला टपरीकडे वळलो. परत येतो तो मॅनिफोल्ड पुन्हा खाली उतरलेला, मिस्त्री उकिडवे बसलेले आणि त्याच्या एका निरुपद्रवी कोपऱ्यावर कानस चाललेली. दोन हात मारले, फुंकर घातली, अंगठा फिरवला, परत लावला.

"आता," मिस्त्री उजळून म्हणाले, "बसतंय की!"