विहीणबाई काय जेवणार?

"वहिनी, मटणाच्या जागी तुम्ही लोक काय खाता हो?"

रोजामावशींचा प्रश्न कुंपणाच्या तारेवरून आला तेव्हा मी कढीपत्ता खुडत होते. आता याला काय उत्तर देणार? म्हटलं, "मावशी, आमच्या ताटात ती जागाच नसते. वरण असतं, भात असतो, डावी-उजवी बाजू असते. मधोमध मानानं कुणी बसत नाही."

"तीच तर पंचाईत आहे. आमच्याकडे मधोमध कुणीतरी बसावंच लागतं. नाताळ आहे तो, साधा सोमवार नाही."

वसईत डिसेंबर लागला की घरोघरी चांदण्या टांगल्या जातात, अंगणात गोठ्याच्या देखाव्यासाठी पेंढा येऊन पडतो आणि मावशींच्या ओटीवर बायका काट्यावर कुलकुल वळायला बसतात. एरवी या दिवसांत मावशींना बोलायलाही फुरसत नसते. यंदा मात्र त्या कुंपणाशी आल्या आणि तिथेच रेंगाळल्या. कारण त्यांच्या मुलाचं, विजयचं लग्न उन्हाळ्यात झालं, सून प्रिया सोलापूरची, आणि पहिल्या नाताळला व्याही-विहीण येणार आहेत. मंडळी लिंगायत. मटण नाही, मासे नाहीत, अंडंही नाही.

"कांदा-लसूण चालतो ना?" मी आधी विचारून घेतलं. पाहुणे जैन असते तर जमिनीखालचं सगळंच बाद झालं असतं.

"चालतो. प्रियाला दोनदा विचारलं. आणि ऐका..." मावशींनी आवाज खाली आणला, "प्रिया खाते अंडं. रविवारी स्वतः आम्लेट करून खाते. पण आईसमोर नाही. तुम्ही बोलू नका कुठे."

"मी कशाला सोलापूरला फोन करायला जातेय!"

पण अंडं गेलं म्हणजे काय काय गेलं ते बघा. फुग्या गेल्या. मावशींच्या फुग्यांत मैदा, अंडी आणि नारळाचं दूध असतं, पीठ चांगलं फुगलं की मुठीतून पिळून गोळे तेलात सोडायचे. त्या फुग्या आणि डुकराच्या मांसाचं सोरपोतेल ही जोडी तुटली की अर्धा नाताळ गेला, असं मावशींच्या नवऱ्याचं, पास्कूकाकांचं मत. केकही गेला. राहिल्या नेवऱ्या, कुलकुल, पेरूचं चीज. सणाचं तबक भरेल त्यानं, जेवणाचं ताट नाही भरणार. कुलकुलाच्या पिठातही काही घरी अंडं घालतात, तेव्हा यंदा तो घाणा मावशी आधी आणि वेगळ्या तेलात काढणार आहेत.

"पनीर करू?" त्यांनी विचारलं.

मी हातच जोडले. लग्न असो, मुंज असो, ऑफिसची पार्टी असो, शाकाहारी माणूस दिसला की यजमान डोळे मिटून पनीर मागवतात. त्या लाल रश्श्यात क्रीमची रेघ असते आणि चव सगळीकडे एकच. सोलापूरहून रात्रभर प्रवास करून आलेल्या विहिणीनं वसईत येऊन तेच खायचं? वरच्या आळीत एकांनी तर गेल्या वर्षी याहून कमाल केली. शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळा पुलाव केला, मटार, गाजर, काजू, सगळं व्यवस्थित. तांदूळ मात्र मटणाच्या पाण्यात शिजवला, चव यावी म्हणून! पाहुण्यांनी दोनदा मागून घेतला. यजमानीणबाई हे वर हसत सांगत होत्या. मावशींना तेव्हापासून त्यांचा राग आहे. "खायला घालायचं नसेल तर बोलवू नका," म्हणाल्या, "पण असं फसवून घालायचं? पाप लागतं."

मग सोयाबीनच्या वड्यांचा विषय निघाला. बाजारात हल्ली खोटं मटण, खोटं चिकन मिळतं, असं मावशींच्या धाकटीचं म्हणणं. मला ते बिलकूल पटत नाही. ज्यानं मटण सोडलं त्याला त्याची आठवण येत असेल, त्याच्यासाठी ते ठीक. पण जन्मात ज्या बाईनं ते तोंडात घातलं नाही, तिला दाताखाली तसलं काही लागलं तर घास अडकेल. पहिल्याच सणाला व्याह्यांकडे भलती शंका कशाला? मशरूमची गतही तीच. शिवाय आपली रानातली अळंबी पावसाळ्यात येते. डिसेंबरात मिळतात ती डबीतली पांढरी, तव्यावर पडली की निम्मी होतात नि पाणी सोडतात. फणस असता तर प्रश्नच नव्हता. पण कुयरीला अजून अवकाश आहे.

लंडनच्या भाच्यानं एक पाककृती पाठवली होती, ती मावशींनी मला फोनवर दाखवली. नट रोस्ट. तिकडे शाकाहारी घरांत नाताळच्या दिवशी टर्कीच्या जागी हेच असतं. अक्रोड, काजू, चेस्टनट, पावाचा चुरा, कांदा, सेलरी, वाळलेला पाला, सगळं मळून पावाच्या साच्यात भाजायचं आणि सुरीनं काप काढून वर ग्रेव्ही ओतायची. बऱ्याच घरी बांधायला अंडंही घालतात.

"म्हणजे आपल्या कटलेटाचा थोरला भाऊ," मावशी म्हणाल्या. "करीन हो. पण पास्कू खाईल का ते? आणि पास्कूनं खाल्लं नाही तर विहीणबाई एकट्याच खाणार. बाकीचे पंधरा जण सोरपोतेलवर तुटून पडलेत आणि ती बाई कोपऱ्यात आपली वाटी घेऊन बसली आहे. मला ते नको."

इथे मला मावशींबद्दल जे काही वाटत होतं ते दुप्पट झालं. शाकाहारी माणूस म्हणून मी किती पंगतींत ती कोपऱ्यातली वाटी घेऊन बसले आहे! "तुमच्यासाठी वेगळं काढून ठेवलंय हं," असं प्रेमानं सांगतात आणि आपण कानकोंडे होतो. पदार्थ वाईट नसतो, पण तो आपल्या एकट्याचा असतो. सगळ्यांच्या बोटांना एकाच रश्श्याचा वास येत असतो, आपल्या बोटांना नाही.

"तुमचं सोरपोतेल सगळ्यांना का हवं असतं, मावशी?"

"मुरतं म्हणून. तेविसाला करायचं, चोविसाला गरम करायचं, मध्यरात्रीच्या मिस्सेवरून आल्यावर चाखायचं आणि पंचविसाला दुपारी वाढायचं. तोवर व्हिनेगर आतपर्यंत जातं."

"मग शाकाहारीसुद्धा असलंच काहीतरी करा. आयत्या वेळी परतून टाकलेलं नको. दोन दिवस मुरलेलं करा."

मावशी गप्प झाल्या. त्या गप्प होतात तेव्हा डोक्यात मसाला वाटत असतात. मग एकदम भलतंच सांगायला लागल्या. म्हणाल्या, लहानपणी चोवीस तारखेला त्यांच्या घरी मांस शिजायचंच नाही. नाताळच्या आदल्या दिवशी उपास आणि मांस वर्ज्य, हा चर्चचाच नियम होता. आई दिवसभर डुकराचं मांस निवडायची, मसाला वाटायची, पण जिभेला लावून बघायची नाही. मीठ अंदाजानं घालायची. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपासाचे नियम सैल केले, त्यानंतर हळूहळू ते गेलं. मासे मात्र तेव्हाही चालायचे. (मासे चालणाऱ्या उपासाचा मला जन्मभर हेवा वाटत आला आहे. आमच्या एकादशीला साबुदाण्यापलीकडे काही सुचत नाही.)

"आमचे आधीचे फादर रोमला शिकायला होते," मावशी पुढे सांगत होत्या, "त्यांच्याबरोबर एक पोलंडचे फादर होते. पोलंडमध्ये म्हणे अजूनही चोवीस तारखेच्या रात्रीचं जेवण हेच मुख्य. बारा पदार्थ करतात आणि एकातही मांस नाही. बिटाचं आंबट सूप, कोबी-मशरूम भरलेल्या करंज्या, मासा. आभाळात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. आणि एक ताट जास्तीचं मांडून ठेवायचं, कोणी अनोळखी दारात आला तर त्याच्यासाठी."

"बघा, म्हणजे बिनमांसाचा नाताळ तुमच्या धर्माला नवा नाही."

"नवा नाही, पास्कूला नवा आहे."

पास्कूकाका तेवढ्यात मागच्या वाडीतून वर आले. हातात कुदळ, गुडघ्यापर्यंत माती. दिवाळीनंतर वाडीतले कंद निघायला लागतात. त्यांनी एक सुरणाचा गड्डा कुंपणाशी आणून ठेवला, "वहिनी, तुमच्यासाठी," म्हणाले आणि नळावर पाय धुवायला गेले. मी त्या गड्ड्याकडे बघितलं, मावशींनी बघितलं.

"इंद्याळ," दोघी एकदमच म्हणालो.

इंद्याळ म्हणजे गोवेकरांचं विंदालू, आमच्या वसईच्या हातचं. १५३४ ते १७३९ पोर्तुगीज इथे होते. त्यांच्या घरी मांस वाइन आणि लसणीत मुरवायची चाल होती. मदेरा बेटावर आजही नाताळला हमखास तेच करतात. इकडे येऊन वाइनच्या जागी व्हिनेगर पडलं, त्यांनीच आणलेली मिरची पडली, दालचिनी, लवंग, मिरी, जिरं पडलं. म्हणजे मूळ गंमत डुकरात नाही, आंबट आणि लसणीत आहे. आणि सुरणाला आंबट हवंच असतं! आपण एरवी त्याला चिंच नाही तर कोकम लावतोच की. सुरणात सूक्ष्म सुया असतात कॅल्शियम ऑक्झलेटच्या, त्या घशाला टोचतात, तीच खाज. आंबटात ती खाज मरते. पनीर व्हिनेगरात दोन दिवस ठेवलं तर बाहेरून रंगतं, आतून तसंच पांढरं राहतं. सुरण रस ओढून घेतं. आणि ते मटण असल्याचं सोंग करत नाही. सुरण आहे, सुरणासारखंच लागणार.

पुढचा अर्धा तास आम्ही तारेच्या दोन बाजूंनी स्वयंपाक केला. मावशींचं म्हणणं, कच्च्या फोडी मसाल्यात टाकायच्या आणि मंद आचेवर शिजू द्यायच्या, मांस शिजतं तशा. इथे मी ऐकलं नाही. आंबटात कंद लवकर शिजत नाही. बटाट्याची भाजी करताना टोमॅटो आधी टाकला तर फोडी कडक राहतात, तेच. तेव्हा हाताला तेल लावून सुरण सोलायचं, दोन बोटं जाडीच्या मोठ्या फोडी करायच्या, बारीक केल्या तर मुरेपर्यंत लगदा होईल. कोकमाच्या पाण्यात तासभर ठेवायच्या, मिठाच्या पाण्यात बोट रुतेल न रुतेल एवढ्या उकडायच्या, निथळून तेलात तळायच्या, कडा लाल होईतो. मसाला मात्र मावशींचा, त्यात मी बोलणार नाही. सुक्या लाल मिरच्या बिया काढून, भरपूर लसूण, आल्याचा तुकडा, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, सगळं व्हिनेगरातच वाटायचं. पाण्याचा थेंब नाही. पाणी लागलं की टिकत नाही. कांदा लाल करून त्यात मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा, चिमूटभर गूळ, मग फोडी. पाच मिनिटं झाकण आणि खाली.

"पातेलं?" मी विचारलं.

"नवं मातीचं आणते. माझ्या सोरपोतेलच्या भांड्याला तीस वर्षांचा वास आहे, ते कितीही घासलं तरी जायचं नाही. आणि सांदणं करते फुग्यांऐवजी. तांदूळ, नारळ, अंड्याचं नावही नाही."

"सांदणाला ताडी घालता ना तुम्ही?"

मावशी थबकल्या. आंबवायला ताडी लागते, वाफेवर उकडल्यावर तिचा फारसा अंश राहत नाही. पण विहीणबाईंना चालेल का, ते प्रियालाच विचारायला हवं. नाही चाललं तर यीस्ट. विचारल्याशिवाय काही करायचं नाही, यावर मावशी ठाम. सॉसच्या बाटल्यासुद्धा त्या वाचून बघणार आहेत. धाकटीनं सांगितलंय की वुस्टरशायर सॉसमध्ये मासळी असते. मलाही हे नवीन होतं.

"फ्लॉवर-मटारचं पातळ काहीतरी नारळाच्या दुधात करा बरोबर," मी सुचवलं. "सुरण तिखट-आंबट आहे, सोबत सौम्य हवं." ते त्यांनी चटकन मान्य केलं. वालाच्या शेंगाही आहेत वाडीत. त्यांचं काय करायचं ते मावशी बघतील. ताट भरण्याची आता चिंता नव्हती.

पाय धुऊन पास्कूकाका आले. त्यांना बेत सांगितला. ते बराच वेळ सुरणाकडे बघत राहिले.

"इंद्याळ? याचं? मग डुकराचं करणार नाही?"

"तेही करणार. पण हे टेबलाच्या मध्ये ठेवणार. आणि तुम्ही पहिलं हे वाढून घ्यायचं, विहीणबाईंच्या देखत."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर चेहरा आवडल्यासारखा करायचा. लग्नाला चाळीस वर्षं झाली, एवढं शिकला असाल."

काका हसत पडवीत गेले. जाताना मात्र विचारून गेले, की अशी भाजी चार दिवस टिकते का, कारण सत्तावीसला नाक्यावरची मंडळी येणार आहेत. मावशींनी माझ्याकडे बघून एक भुवई उचलली.

"किती घेऊ हो सुरण?" त्या म्हणाल्या. "विहीणबाईंपुरतं एक किलो पुरे, असं मी धरलं होतं."

"पाच घ्या. सोलल्यावर बरंच कमी होतं. आणि विहीणबाईंसाठी आधी वाटीभर बाजूला काढून ठेवा, नाहीतर मांसाहारी लोकच संपवून टाकतील."

"पाच किलो सुरण सोलायचं म्हणजे हातांची काय अवस्था होईल! वहिनी, तेविसाला सकाळी रिकाम्या आहात ना? तेल मी देते."