उलट्या उताराच्या शिल्पकारास

श्री. ठेकेदारसाहेब यांस,


पत्रास कारण की, आपण बांधलेलं गटार परवा पुन्हा आमच्या उंबऱ्याच्या पाया पडून गेलं.

उताराकडं धावायची पाण्याची जुनी खोड आपण मोडलीत. शेजारचं पोर ओढ्याकडच्या टोकाला कागदाची होडी सोडतं. ती ओढ्यात जायची सोडून गावात शिरते, सहा घरं ओलांडते आणि माझ्या दारात येऊन लागते. मोजमाप पुस्तकात म्हणे उतार ओढ्याकडंच आहे. पाणी अडाणी, त्याला वाचता येत नाही.

आमचं गाव लोहारा तालुक्यातलं, 1993च्या भूकंपानंतर उठून माळावर आलेलं. रस्ते ऐसपैस, घरांना मोकळं अंगण. जुन्या गावात आमच्या आजीच्या न्हाणीचं पाणी परसात जायचं. त्यावर अळू आणि दोन केळी जगायच्या. तिला सांडपाणी व्यवस्थापन हा शब्द ठाऊक नव्हता, म्हणून बिचारीला बिल काढता आलं नाही.

आता 2019 पासून जलजीवन मिशनचं नळाचं पाणी आलं. माणशी रोज 55 लिटरचा हिशेब. पाच माणसांच्या घरात 275 लिटर आलं, तर त्यातलं 80 टक्के, म्हणजे 220 लिटर, मोरीतून बाहेर पडणार. घरोघरचं हे पाणी आपण इमानदारीनं गोळा केलंत आणि माझ्या दारात पोचतं केलंत. मी एकटाच एवढा लाडका का, ते मात्र कळलं नाही.

साहेब, माळावर हातभर खणलं की मुरूम लागतो आणि मुरूम पाणी पितो. खालच्या काळ्या रानात अडचण खरी. ती माती ओली झाली की फुगते, पाणी मुरू देत नाही, तिथं खड्डा मुरमापर्यंत न्यावाच लागतो. आमच्याकडं ती सबबही नाही. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगरजवळच्या टेंभुर्णीनं घरोघर शोषखड्डे केले: चार फुटांचा खड्डा, मधे वरच्या अंगाला भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. गाळ टाकीत बसतो, पाणी भोकांतून मुरतं. डास गेले म्हणून गावाचं नाव झालं. नाव असं भलत्याच कामानं होतं बघा.

आपल्या जिल्ह्यात तेर आहे, गोरोबाकाकांचं. मडकं कच्चं की पक्कं, हे थापटून ओळखणाऱ्याचं गाव! आपल्या काँक्रीटला थापटायचीही गरज नाही. मागच्या महिन्यात शेळीनं पाय दिला आणि ढापा खाली गेला. आत सळई शोधली. शेळी सापडली.

पैसा नव्हता, असं तरी म्हणू नका. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद होती. शोषखड्डा रोजगार हमीतूनही होतो. पण खड्ड्यात अडचण अशी, की तो जमिनीखाली जातो. नारळ फोडायला आणि फोटो काढायला गटारासारखी लांबलचक जागा मिळत नाही. आपली दूरदृष्टी आम्हाला उशिरा कळली.

आमची म्हातारी रोज सकाळी पळीनं दारातला गाळ उपसते, कडेला ढीग लावते. दुपारपर्यंत तो वाळतो, संध्याकाळी कुणाचा तरी ट्रॅक्टर येतो आणि ढीग पुन्हा गटारात. एवढा कायमचा रोजगार दुसऱ्या कुठल्या योजनेनं दिला नाही.

तेव्हा एक रात्र मुक्कामाला याच. कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटी, काही कमी पडू देणार नाही. खाट अंगणातच टाकतो, म्हणजे आपलं काम डोळ्यासमोर राहील. मच्छरदाणी मात्र घरात एकच आहे आणि ती म्हशीला लावतो. ती दूध देते.

आपला,
गटार जिथं येऊन थांबतं, तिथला रहिवासी