झेंडी आणि झेंडा

सोलापूरजवळच्या होटगी जंक्शनवर झेंडीचा अपमान झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. हिरवी दिसली की गाडी निघते, लाल दिसली की थांबते. झेंडी दाखवताना शेजारी कुणी माजी सभापती उभे नसतात. ‘जरा परत एकदा हलवा, फोटोत डोळे मिटलेत’ असं गार्डाला कुणी सांगत नाही. (२०२२ पासून गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणायचं असतं. गाव अजून गार्डच म्हणतं.) झेंडी चुकली तर गाडी चुकते, म्हणून ती चुकत नाही.

झेंडा चुकला तर काय होतं? दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते, तिसऱ्या दिवशी तहसीलदारांना निवेदन जातं आणि चौथ्या दिवशी ज्यानं निवेदन दिलं त्याच्याच गाडीच्या बॉनेटवर तिरंगा अंथरलेला सापडतो. बॉनेटवर, टपावर, मागच्या काचेवर, कुठंच झेंडा अंथरायचा नाही, असं ध्वजसंहितेत स्पष्ट लिहिलंय. पण संहिता वाचायची कुणी? ती २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. म्हणजे इतक्या वर्षांत एक पान वाचलं असतं तरी पुरलं असतं.

होटगीकरांना या विषयावर बोलायचा हक्क आहे, तो रुळांमुळं. इथून एक फाटा विजयपूर, बागलकोट करत गदगला जातो आणि पुढं हुबळी गाठता येते. हुबळीच्या बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे. २००६ पासून मानक ब्यूरोचा शिक्का घेऊन तिथं खादीचा राष्ट्रध्वज तयार होतो. कापड बागलकोट भागात हातमागावर विणलं जातं. आपल्याकडं नांदेडलाही हे काम चालतं. स्वतंत्र भारतानं वस्तूंची मानकं ठरवायला घेतली तेव्हा मानक क्रमांक एक कुणाला मिळाला, ठाऊक आहे? सिमेंटला नाही, पोलादाला नाही, झेंड्याला. साल १९५१. सुताची वीण, रंगाचा पक्केपणा, लांबी-रुंदीचं तीनास दोन प्रमाण, काठीकडच्या शिवणीतली दोरी, सगळं त्यात बसवलं. दीडशे मिलिमीटरच्या टेबलावरच्या झेंड्यापासून सहा हजार तीनशे मिलिमीटरच्या अवाढव्य झेंड्यापर्यंत नऊ आकार ठरले. एकाच गोष्टीचं मानक करायचं राहून गेलं. प्रमुख पाहुण्यांचं.

झेंडावंदन कसं होतं ते बघा. संहिता म्हणते, झेंडा झपकन चढवायचा आणि सावकाश उतरवायचा. आपल्याकडं पाहुणे सावकाश चढतात, झेंडा त्यांची वाट बघतो. १५ ऑगस्टला झेंडा खालून वर न्यायचा आणि २६ जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असतो, फक्त दोरी ओढून उलगडायचा. हा फरक अख्ख्या व्यासपीठावर एकालाच माहीत असतो आणि तो व्यासपीठावर नसतो. तो खांबामागं उभा असतो, शिपाईमामा. आमच्या भागातल्या एका संस्थेत एकदा पाहुण्यांनी प्रजासत्ताकदिनी दोरी ओढली ती उलटी. गाठ आवळली. पाहुणे ओढतायत, झेंडा गप्प. बँडवाल्यांनी राष्ट्रगीत अर्ध्यावर आणलं. मामा पुढं आले आणि म्हणाले, “ओ साहेब, ती न्हवं, दुसरी वढा.” दुसरी ओढली, फुलं पडली, टाळ्या झाल्या. (आत पाकळ्या ठेवायला संहितेची हरकत नाही. उगाच निवेदन देऊ नका.) दुसऱ्या दिवशीच्या फोटोत पाहुणे होते, संचालक होते, पाकळ्यासुद्धा होत्या. मामा नव्हते.

आता थोडं जुनं. ६ एप्रिल १९३०. त्या दिवशी दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मीठ उचललं आणि सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज चढला, पुण्याच्या अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते. नगरपालिकेवर झेंडा लावणारं देशातलं पहिलं गाव आमचंच, हे सोलापूरकर आजही छातीठोकपणे सांगतो आणि सांगताना हातातली शेंगाचटणी खाली ठेवतो. पुढच्या महिन्यात गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घालणं गुन्हा, झेंडा मिरवणं गुन्हा. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. या चार नावांवर विनोद करायची माझी छाती नाही. पण त्यांच्या काळातला झेंडा आज तुम्ही स्टेटसला टाकून बघा. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि त्यावर चरखा, असा तो होता. केशरी पट्टा वर आला १९३१ च्या ऑगस्टमध्ये. ज्या झेंड्यापायी सोलापूरनं गोळ्या झेलल्या तो स्टेटसला टाकाल, तर अर्ध्या तासात ‘झेंडा उलटा लावलाय’ म्हणून तुमच्यावर गुन्हा नोंदवायची मागणी होईल. मागणी करणाऱ्याचं प्रोफाइल चित्र? अर्थातच तिरंगा.

चरख्याचं चक्र झालं त्यामागची एक गोष्ट मला फार आवडते. २२ जुलै १९४७ ला घटना समितीत ध्वजाचा ठराव मांडताना नेहरूंनी एक व्यवहारी अडचण सांगितली. झेंड्यावरचं चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखं दिसलं पाहिजे आणि चरखा मागून बघितला की उलटा दिसतो. चोवीस आऱ्यांचं चक्र कुठूनही बघा, तेच. ही अट झेंड्यापुरतीच ठेवली गेली. ती उमेदवारी अर्जाला लावली असती, तर दक्षिण सोलापूर तालुक्यात निवडणूक बिनविरोध झाली असती, कारण अर्जच आला नसता.

आणि गंमत अशी की ध्वजाचा शिष्टाचार आमच्या जिल्ह्याला शिकवावा लागत नाही. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी तो उंच कळक कमरेच्या पट्ट्यात तोलून चालतात. त्याचा सराव यात्रेच्या कितीतरी दिवस आधीपासून रात्री-रात्री चालतो. कुठला ध्वज पुढं, कुठला मागं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. तिथं कुणी मध्येच घुसून ‘जरा माझ्या हातात द्या, एक फोटो’ म्हणत नाही. म्हणालाच, तर तोल जाईल तो ध्वजाचा नव्हे, म्हणणाऱ्याचा. म्हणजे मानानं ध्वज कसा धरायचा हे आम्हाला चांगलं येतं. तिरंग्याच्या वेळी मात्र अचानक विसरायला होतं. यात्रेत चूक झाली तर गाव बघतं. झेंडावंदनाला फक्त कॅमेरा बघतो आणि कॅमेऱ्याला संहिता पाठ नसते.

३० डिसेंबर २०२१ ला नियम बदलला. तोवर झेंडा हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या खादीचाच हवा होता. आता यंत्रावरचा चालतो, पॉलिस्टरचाही चालतो. पुढच्या वर्षी घरोघरी तिरंगा आला आणि झेंडे ट्रकांनी सुरतेहून आले. चादरी-टॉवेलांच्या यंत्रमागांवर वाढलेल्या या जिल्ह्यानं ते झेंडे विकत घेतले, याला आत्मनिर्भरता म्हणतात. जुलै २०२२ मध्ये आणखी एक सवलत आली : झेंडा रात्रीही लावता येईल. तिचा अर्थ आपल्याकडं असा लावला गेला की झेंडा गौरीपर्यंत ठेवायचा, मग दसऱ्यापर्यंत, मग आकाशकंदिलाच्या वायरला अडकला म्हणून दिवाळीपर्यंत. पॉलिस्टर टिकतं हो. रंग उडतो, कडेचे दोरे सुटतात, पण कापड काही केल्या जात नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक नागरिकाला झेंडा लावायचा हक्क मान्य केला, तो मानानं लावायच्या अटीवर. हक्काची बातमी गावभर झाली, अटीची मात्र कुणी केली नाही.

तेव्हा एकच विनंती. १६ ऑगस्टला सकाळी चहाआधी झेंडा उतरवा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली घ्या, चक्र वर दिसेल अशी घडी घाला आणि कपाटात ठेवा. फाटला असेल, विटला असेल, तर तो खासगीत, मानानं, शक्यतो जाळून संपवायचा, असं संहितेत लिहिलंय. खासगीत म्हणजे लाइव्ह करायचं नाही.