घर साहेबांचं, जमीन बाईंची

थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. थाई बायको मात्र करता येते. मग निवृत्त साहेब आयुष्यभराची पुंजी ओततात आणि खरेदीच्या दिवशी जमीन कार्यालयात स्वतःच लिहून देतात, की यातला एक पैसाही माझा नाही, सगळा हिचा. खाली झोकदार सही. ‘चानोत’वर, म्हणजे तिथल्या मालकीपत्रावर, नाव बाईंचं. वरचा बंगला हवा तर साहेबांच्या नावावर राहतो. बिनसलंच तर डोक्यावर घेऊन निघावं.

सावध मंडळी 30 वर्षांचा भाडेपट्टा करतात. पासष्टीत केला तर पंचाण्णवपर्यंत घोर नाही, पुढे जगलात तर चूक तुमची. (फ्लॅट मिळतो, पण परदेशी मालकी इमारतीतल्या 49 टक्के क्षेत्रापर्यंतच.)

आणि मृत्युपत्र? त्यात लिहिणार काय, सही तर आधीच झाली.